पीएफएक्स फोडण्याचा राजमार्ग

पीएफएक्स फाइलमधून (म्हणजे सर्टिफिकेटं आणि त्यांची प्रायव्हेट की पासवर्डखाली एकत्र ठेवणाऱ्या पेटीतून) सर्टिफिकेटं काढायची आहेत, आणि तीही सी भाषेमध्ये? अभिनंदन. ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन लायब्ररीच्या एका कमांडनं हे काम होतं, पण मग आपल्याला सी येतं हे जगाला कळणार कसं?

पासवर्ड कमांड लाइनवरूनच घ्या. मशीनवर दुसऱ्या कुणी पीएस (चालू प्रोग्रामांची यादी दाखवणारी कमांड) मारलं की त्यालाही तो दिसेल. टीमवर्क म्हणतात ते हेच.

मग ओपनएसएसएलचं पीकेसीएस१२_पार्स बोलवा. हे फंक्शन प्रायव्हेट की, तिचं सर्टिफिकेट आणि उरलेल्या सर्टिफिकेटांचा स्टॅक (यादी) अशा तीन गोष्टी हाती देतं. पहिले दोन पॉइंटर ते स्वतःच नल (म्हणजे रिकामे) करून घेतं. तिसरा, म्हणजे सीए, तुम्ही नल करून द्यायचा असतो. अर्थातच देऊ नका. त्यात पडलेल्या कचऱ्यालाच ते आधीचा स्टॅक समजेल, त्यात सर्टिफिकेटं कोंबायला जाईल आणि प्रोग्राम कोसळेल. तुमच्या मशीनवर नशिबानं तिथे शून्य असतं, त्यामुळे 'माझ्याकडे तर चालतंय' हे उत्तर तयारच आहे.

रिटर्न व्हॅल्यू शून्य आली तर बेधडक 'पासवर्ड चुकला' असं छापा. एरर क्यू (ओपनएसएसएल चुका नोंदवतं ती रांग) उघडून बघू नका, नाहीतर खरं कारण कळायचं. ओपनएसएसएल ३.० मध्ये ४० बिटांचं आरसी२ हे जुनं एन्क्रिप्शन लेगसी प्रोव्हायडरमध्ये, म्हणजे आपोआप लोड न होणाऱ्या जुन्या अल्गोरिदमांच्या गठ्ठ्यात हलवलं, आणि जुन्या पीएफएक्स फाइलींतली सर्टिफिकेटं बहुधा त्यातच बंद असतात. पासवर्ड अगदी बरोबर असूनही फाइल उघडत नाही ती यामुळे. बिचारा युजर कॅप्स लॉक तपासत बसतो, बसू दे. लेगसी लोड करायचा मोह झालाच, तर नेहमीचे अल्गोरिदम देणारा डीफॉल्ट प्रोव्हायडर लोड करायला मात्र विसरा. एक प्रोव्हायडर हातानं लोड केला की डीफॉल्ट आपोआप येत नाही, मग कालपर्यंत उघडणाऱ्या फाइलीही रुसतात. त्यापेक्षा सरळ १.१.१ या जुन्या आवृत्तीवर परत जा. तिचा सार्वजनिक सपोर्ट सप्टेंबर २०२३ मध्येच संपला, म्हणजे अपडेटची कटकटच मिटली!

स्टॅक सोडताना नुसतं एसके_एक्स५०९_फ्री पुरे. त्यानं फक्त स्टॅक जातो, आतली सर्टिफिकेटं मेमरीत तशीच राहतात. राहू देत, सर्व्हर रोज रात्री रीस्टार्ट होतोच.

आणि प्रायव्हेट की? ती कुणी मागितलीच नव्हती. तरीही डीबगिंगसाठी टेम्प फोल्डरमध्ये साध्या पेम या मजकुरी फॉरमॅटमध्ये लिहून ठेवा, सायफरच्या जागी नल देऊन (म्हणजे एन्क्रिप्ट न करता), परवानगी ६४४, म्हणजे कुणालाही वाचता येईल अशी. वर कॉमेंट टाका: 'रिलीजआधी काढणे'.