जॉइंट दुसऱ्या सेक्शनचा

कॉमा घेतला. अख्खा रविवार घालवून लिहिलेल्या रिव्ह्यूतून ड्राफ्टच्या लेखकांनी फक्त कॉमा घेतला, बाकी सगळ्यापुढे 'आउट ऑफ स्कोप, थँक्स' लिहून मोकळे. तो थँक्स तर जास्तच झोंबला.

ड्राफ्ट, म्हणजे इंटरनेट कसं चालावं त्याच्या दस्तऐवजाचा कच्चा मसुदा, ओव्हरले नेटवर्कमधला (एका नेटवर्कवर रचलेलं दुसरं नेटवर्क) फॉल्ट कसा पकडायचा त्याचा. असा मसुदा प्रसिद्ध झाला की त्याला आरएफसी म्हणतात. व्हीएक्सलॅनवर (ओव्हरलेचाच एक प्रकार) बीएफडी (लाइन जिवंत आहे का ते बघत राहणारी तपासणी) चालवायचं आरएफसी ८९७१ २०२० सालीच आलंय, हा त्याचाच भाऊबंद. मॅनेजर म्हणाला "तू बघून घे रे, तुझाच एरिया आहे". माझा एरिया म्हणजे रात्री बंद पडलेलं चालू करणं, पण असो. याच जमातीतल्या लोकांनी १९९० च्या १ एप्रिलला कबुतराच्या पायाला आयपी पॅकेट गुंडाळून पाठवायचं आरएफसी ११४९ काढलं होतं, चेष्टेत, आणि खरं सांगतो, ते एका दमात समजतं.

तर मामा. बायकोचे मामा, टेलिफोन एक्स्चेंजातून रिटायर, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे मुक्कामी. काळा चष्मा, टीव्ही बंद, पेपर बंद, त्यामुळे करमणूक म्हणजे मी. खुर्ची ओढून शेजारी बसले आणि "मोठ्याने वाचा" म्हणाले. फॉल्ट शब्द कानावर पडल्यावर हा माणूस उठतोय कसला.

"दोन्ही टोकं एकमेकांना सारखं 'मी आहे, मी आहे' कळवतात मामा. समजा दर ३०० मिलिसेकंदाला. लागोपाठ ३ चुकले की लाइन डाउन."

"म्हणजे सेकंदसुद्धा नाही?"

"९०० मिलिसेकंद."

"अहो जावईबापू, आमच्याकडे १९८ ला कंप्लेंट बुक झाली तरी आधी आम्ही मानायचोच नाही. रिसीव्हर नीट ठेवलाय का बघा म्हणायचं. निम्मे फॉल्ट तिथेच जायचे."

मग ओव्हरले म्हणजे काय. म्हटलं पाकिटात पाकीट, बाहेरच्यावर समोरच्या स्विचचा पत्ता, आतल्यावर १२७ पासून सुरू होणारा, म्हणजे स्वतःचाच, चुकून कुठे पुढे ढकललं जाऊ नये म्हणून. मामा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "पत्र दुसऱ्याला आणि आत लिहायचं माझं मलाच मिळावे? हे पास कोणी केलं?"

पण माणूस हुशार. पुढचाच प्रश्न, "हे मी आहे मी आहे जातं कोणत्या रस्त्याने?"

अहो हाच तर माझा मुद्दा! डेटा सेंटरात दोन टोकांमध्ये समजा चार सारखे रस्ते असतात, हॅश (पॅकेटवरचे पत्ते आणि पोर्ट नंबर घेऊन केलेलं गणित) त्यातला एक निवडतो आणि एका सेशनचा सोर्स पोर्ट, म्हणजे पाठवणाऱ्याकडचा नंबर, तोच राहिला की बीएफडी बिचारं त्याच एका रस्त्याने ये-जा करतं, उरलेल्यातला एखादा रस्ता पॅकेटं गिळत असला तरी सेशन अप. शिवाय तपासणी फक्त मॅनेजमेंटच्या व्हीएनआयवर (व्हीएनआय म्हणजे ओव्हरलेतल्या एकेका नेटवर्कचा नंबर), गिऱ्हाइकाच्या व्हीएनआयचं कॉन्फिग गंडलं असेल तर याला पत्ता नाही. हे मी उदाहरणासकट, आकृती काढून लिहिलं होतं, आणि टेक्स्टमध्ये आकृती काढणं म्हणजे काय असतं ते ज्याने काढलीय त्यालाच माहीत.

काल उत्तर आलं ते मामांना वाचून दाखवलं. वाटलं, आता तरी आपल्या बाजूने कोणीतरी चिडेल.

"बरोबर आहे त्यांचं," मामा म्हणाले.

"काय बरोबर?"

"आम्हीही हेच लिहायचो. केबल आमची, जॉइंट दुसऱ्या सेक्शनचा. रजिस्टरला तशी नोंद केली की आपण सुटलो."

"आणि ज्याचा फोन बंद तो?"

"तो काय, तो बसायचा डायल करत."

तो म्हणजे मी. डॅशबोर्ड हिरवागार आणि कस्टमर म्हणतोय चारातलं एक कनेक्शन लटकतंय, तेव्हा रात्री अडीचला कॉलवर मी बसतो, लेखक नाही. मॅनेजर तर खूश आहे. पुढचा ड्राफ्टही पाठवलाय, पंधरवड्यात कमेंट द्यायच्यात, आणि मामांचा दुसरा डोळा त्याच पंधरवड्यात आहे.