फुकटेपणाच्या ‘सिद्धान्ता’बाबत खुलासा

वर्गणी, श्रमदान अथवा कोणतेही सामाईक काम निघाले की ‘बहुतेक माणसे फुकटीच असतात, हे प्रयोगाने सिद्ध झाले आहे’ असा मजकूर सध्या हौसिंग सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरत आहे. तो अर्धवट असून त्याचा निष्कर्ष चुकीचा आहे.

या विषयावरील प्रयोगांचा ठरलेला साचा असा: चौघांना प्रत्येकी 20 नाणी देतात, सामाईक पेटीत पडलेल्या प्रत्येक नाण्यामागे, टाकणाऱ्यासह चौघांनाही 0.4 नाणे मिळते. म्हणजे टाकणाऱ्याचे 0.6 बुडतात, पण गटाचे मिळून 1.6 होतात. फिशबाखर, गेश्टर आणि फेर या अर्थशास्त्रज्ञांच्या 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात काहीही न टाकणारे सुमारे 30 टक्केच निघाले. जवळपास निम्मे लोक, इतरांचे सरासरी योगदान जसे वाढेल तसे आपले वाढवत होते, मात्र इतरांपेक्षा किंचित कमीच देत होते.

हाच खेळ पुन्हा पुन्हा खेळवला की फेरीगणिक पेटी आटत जाते, हे खरे; परंतु त्यासाठी सगळेच लबाड असावे लागत नाहीत, कारण दुसऱ्याने हात आखडता घेतला की देणाराही आखडतो, आणि ‘किंचित कमी’ची ही उतरंड पुढे चालू राहते. गणपतीची वर्गणी भरण्यापूर्वी पावतीपुस्तक मागे चाळून ‘वरच्या मजल्यावरच्यांनी किती दिले?’ असे विचारणारा सभासद फुकटा नसतो. तो याच निम्म्यांपैकी असण्याची शक्यता अधिक. (अर्थात, दरवर्षी नेमके त्याच संध्याकाळी दाराला कुलूप लावणारेही असतात.)