बी१२ भरलं की थायरॉईडची गोळी सुटते म्हणे!

आमच्या कोथरूडच्या दुकानात गेले तीन आठवडे एकच मेसेज काउंटरवर येतोय. लोक मोबाइल पुढे करतात आणि विचारतात, "हे खरं आहे का हो?" मजकूर थोडक्यात असा: थायरॉईड मंदावणं हा आजारच नाही, ती बी१२, डी, आयोडीन आणि सेलेनियमची कमतरता आहे. ती भरून काढा, तीन महिन्यांत टीएसएच (थायरॉईड मंदावलं की रक्तात वाढणारा आकडा) खाली येईल आणि गोळी कायमची सुटेल. कोबी-फ्लॉवर बंद करा, साधं मीठ बंद करा, सैंधव वापरा. तळाला नेहमीची फोडणी: डॉक्टर हे तुम्हाला सांगणार नाहीत.

मी डॉक्टर नाही, फार्मासिस्ट आहे. धंदा बुडेल म्हणून विरोध करतेय असं वाटत असेल तर सांगते, थायरॉईडच्या गोळीची किंमत सरकारी नियंत्रणात आहे. तिच्यात मला जे सुटतं त्याच्या कितीतरी पट त्या मेसेजमधल्या सप्लिमेंटच्या डब्यांत सुटतं.

आधी बी१२. थायरॉईडच्या पेशंटमध्ये ते कमी सापडतं, म्हणजे कारण तेच, असा मेसेजचा दावा. कमी सापडतं हे खरंच. पण पुण्यात ते कोणात कमी सापडत नाही? इथल्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. याज्ञिकांच्या गटाने पुणे आणि आसपासच्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांचं रक्त तपासलं होतं. २००६ साली तो अभ्यास छापून आला. ६७ टक्के जणांचं बी१२ कमी, आणि शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्के. हे सगळे पुरुष, हं. थायरॉईड मंदावणं बायकांत कितीतरी जास्त. बी१२ कमी झाल्यानेच ते होत असतं, तर सदाशिव पेठेतले निम्मे काका सकाळी उठून आधी थायरॉईडची बाटली शोधत बसले असते.

दोन्हींची लक्षणं मात्र एकमेकांत पुरती मिसळलेली. थकवा, विसराळूपणा, केस गळणं, हातापायांना मुंग्या. म्हणून गोळी नीट घेऊन, टीएसएच जागेवर येऊनही अंग ओढल्यासारखं वाटत असेल तर बी१२ तपासावंच, त्यातही शाकाहारी माणसाने किंवा साखरेसाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्याने. शिवाय एक खरा धागा आहे, तो मेसेज लिहिणाऱ्याला सापडलेला नाही. थायरॉईड मंदावण्याचं आपल्याकडचं एक नेहमीचं कारण म्हणजे हाशिमोटो. १९१२ साली त्याच नावाच्या जपानी डॉक्टरने त्याचं वर्णन केलं. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच थायरॉईड ग्रंथीवर उलटते. अशा काही लोकांत ती पोटातल्या पेशींवरही उलटते आणि मग खाल्लेलं बी१२ शोषलंच जात नाही. तिथे दूध-पनीर वाढवून भागत नाही, इंजेक्शन किंवा मोठ्या डोसच्या गोळ्या लागतात. म्हणजे दोघांचं मूळ एक असू शकतं. पण बी१२ भरल्याने पोखरलेली ग्रंथी परत कामाला लागत नाही.

डीचंही तसंच. कमी असेल तर भरा, हाडं आणि स्नायू दुवा देतील. फक्त ६० हजार युनिटचं सॅशे आठवड्याला एक लिहून दिलेलं असतं. ते रोज घेणारे दोघं मला या वर्षात भेटलेत. रक्तातलं कॅल्शियम त्याने नको तितकं चढतं.

आयोडीनवर मेसेज स्वतःच्याच पायात पाय घालून पडतो. ग्रंथी जे टी४ नावाचं संप्रेरक बनवते त्याच्या प्रत्येक रेणूत आयोडीनचे चार अणू असतात, त्यामुळे आयोडीन हवंच. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम. हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात १९५६ पासून आयोडीनयुक्त मिठाचा प्रयोग झाला, गलगंड कमी झाले, आणि १९६२ मध्ये देशाचा कार्यक्रम सुरू झाला. आज घरी येणाऱ्या मिठात किलोला किमान १५ मिलिग्रॅम आयोडीन असावं असा नियम आहे. दहा ग्रॅम मीठ पोटात गेलं की हिशेब पुरा, आणि तेवढं आपण खातोच (खाऊ नये, पण खातो). आता पाहा, मेसेज म्हणतो आयोडीन कमी आहे, आणि लगेच म्हणतो आयोडीनवालं मीठ फेका, सैंधव आणा. सैंधवात आयोडीन जवळपास नसतंच! उलट समुद्री शेवाळाच्या गोळ्या घेऊन आयोडीनचा मारा केला तर हाशिमोटो असलेल्याची ग्रंथी आणखी मंदावू शकते.

सेलेनियमने काहींच्या ग्रंथीवर उलटलेल्या अँटिबॉडी उतरतात, गोळी सुटत नाही, आणि जास्त झालं तर केसच गळतात. कोबी-फ्लॉवर बंद कशाला, शिजवून खा.

राहता राहिलं "तीन महिन्यांत सुटली". अशी माणसं असतात, खोटं बोलत नाहीत. टीएसएच थोडासाच वाढलेला असेल तर तो कित्येकदा आपसूक उतरतो. बाळंतपणानंतर बिघडलेली ग्रंथीही अनेकींची वर्षभरात सावरते. गोळीतलं औषध अंगात निम्मं व्हायला आठवडा लागतो, म्हणून सोडल्यावर काही आठवडे "काहीच झालं नाही" असंही वाटतं. दिवस गेलेल्या मुलीने मात्र हा प्रयोग करूच नये. सुरुवातीचे महिने पोटातलं बाळ आईच्याच टी४वर असतं.

परवा एका काकूंनी पिशवीच काउंटरवर ओतली. थायरॉईडची बाटली, कॅल्शियम, लोह, केसांच्या गोळ्या. "सगळं एकदमच घेते गं, चहाबरोबर. मागाहून विसरायला होतं." मेसेज वाचून केसांची गोळी सुरू केली, टीएसएच एकदम खाली आला, आता थायरॉईडची बंद करायची होती.

मी केसांच्या डबीवरचं बारीक अक्षर त्यांना दाखवलं: बायोटिन, १० मिलिग्रॅम. रोजची गरज ३० मायक्रोग्रॅमची. एवढं बायोटिन रक्तात असलं की काही यंत्रांवर टीएसएच खोटा कमी दिसतो. आणि कॅल्शियम, लोह पोटात असलं की थायरॉईडची गोळी त्यांना चिकटून वाया जाते. पाकिटाच्या पाठीवर लिहून दिलं: उठल्यावर थायरॉईडची गोळी, साध्या पाण्याबरोबर. चहा अर्ध्या-पाऊण तासाने. लोह दुपारी, कॅल्शियम रात्री. केसांची दोन दिवस बंद, मग पुन्हा रक्त द्या, आणि रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे.

काकू काल आल्या होत्या. टीएसएच ११.२.

"म्हणजे उतरलाच नव्हता की गं," म्हणाल्या, आणि बाटली नवीन मागितली.