बुटात कोण पाहून राहिलं?

बर्डीच्या फूटपाथवर शंभराला तीन जोड मोजे घेतले, तेव्हा मी आईला म्हटलंही होतं, "अंगठ्यापाशी विरळ वाटून राहिले." आई म्हणाली, "बुटात कोण पाहून राहिलं?"

नागपुरात हा प्रश्न बिनतोड आहे. फिनलंडमध्ये नाही.

बीएडच्या दुसऱ्या वर्षी एका सत्रासाठी मी फिनलंडमधल्या युवास्क्युलाला गेले. (हे नाव नीट उच्चारायला मला दोन आठवडे लागले. आई अजूनही 'ते स्कूलवालं गाव' म्हणते.) मुलं सातव्या वर्षी शाळेत जातात, पाऊण तास शिकलं की पंधरा मिनिटं बाहेर हुंदडायचं, दुपारचं जेवण १९४८ पासून सगळ्यांना फुकट. हे सगळं मी परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. शाळेच्या दारात बूट काढतात, हे मात्र एकाही गाईडमध्ये नव्हतं.

माझ्या पहिल्या पाठाच्या दिवशी बाहेर उणे १८. जाड लोकरी मोजे आदल्या दिवशीच भिजले होते, कारण गोठलेल्या तळ्यावर चालायची हौस. जन्मभर नागपूरच्या फुटाळा तलावाच्या काठावर भुट्टा खात फिरलेली मी, तळ्याच्या मधोमध उभी राहून घरी व्हिडिओ कॉल लावला. आई म्हणाली, "आधी काठावर ये, मग बोल." काठावर येतानाच भुसभुशीत बर्फ बुटात शिरला.

तर, बर्डीचे मोजे. दारात चिमुकल्या बुटांची रांग, मार्गदर्शक शिक्षिका लोकरी सपातांत. मी बूट काढला आणि उजवा अंगठा सबंध बाहेर आला, जणू त्यालाही परदेश बघायचा होता.

विषय होता नागपूरची संत्री. आठ पानांचं पाठ टाचण, नागपूरहून गुंडाळून आणलेला चार्ट. रीतसर हेतुकथन करून प्रश्न टाकला. शांतता. आमच्याकडे प्रश्न पुरा व्हायच्या आत 'मॅडम मी, मॅडम मी' सुरू होतं आणि ज्याला उत्तर येत नाही त्याचा हात सगळ्यात वर असतो. इथे वीस पोरं खाली मान घालून गप्प. वाटलं, विचार करताहेत. फिनिश माणूस विचार करताना बोलत नाही म्हणतात. मग लक्षात आलं, सगळे एकाच ठिकाणी बघताहेत.

मी डावा पाय उजव्यावर ठेवला. आमच्या निरीक्षण तक्त्यात 'शिक्षकाचा वर्गातील वावर' असा एक रकाना असतो. उरलेला पाठ मी झिरो माईलच्या खांबासारखी एका जागी उभी राहून घेतला.

सुट्टीत तिसरीतला एक मुलगा जवळ आला. तिथे मॅडम वगैरे नाही, पोरं थेट नावानं हाक मारतात. मोडक्या इंग्रजीत म्हणाला, पुढचा तास हस्तकलेचा आहे, मोजा दे.

याच गावात १८६३ साली उनो सिग्नेउस यांनी पहिलं फिनिश भाषेतलं अध्यापक विद्यालय सुरू केलं. शाळेत हस्तकला शिकवली पाहिजे म्हणून हा माणूस झटला, आणि १८६६ पासून ती मुलामुलींना सक्तीची झाली. सिग्नेउसवर मी पाच गुणांची टीप लिहिली होती. हातात सुई कधी धरली नव्हती.

मी एका पायावर अनवाणी बसले. दोरा फक्त हिरवाच होता. पोरगं मान खाली घालून टाके घालत होतं आणि मध्येच माझ्या बोटात दोरा धरायला देत होतं. पाऊण तासात आम्ही दोघं एक शब्द बोललो नाही. नागपूरच्या माणसाला हे किती जड जातं, हे नागपूरच्याच माणसाला कळेल.

मोज्यांची लाज वाटणार नाही अशी एकच जागा मला त्या देशात सापडली. ती म्हणजे सॉना. तिथे कोणी काहीच घालत नाही. पण त्यावर वेगळा लेख होईल, आणि तो आईनं वाचायचा नाही.

घरी आल्यावर बॅग उपसताना आईच्या हाती तो मोजा लागला. तिनं तो उलटा केला, खिडकीशी नेऊन टाके तपासले.

"हे रफू कोणी केलं?"

"तिसरीतल्या पोट्ट्यानं."

"हात साफ आहे पोट्ट्याचा," आई म्हणाली. "आन् तू काय शिकवून आली त्याले?"

"संत्री."