लाकूड जाळायला नेलं, चिप्समधून वाफ येते, रोपं पिवळी पडली: तुमच्या तक्रारींना उत्तर

नमस्कार,

तुमच्या बागेतल्या झाडांच्या तोडणी-छाटणीच्या आमच्या कामाला तुम्ही दोन तारे देऊन लिहिलंय त्याचा सारांश असा: 'सगळ्याचा पुनर्वापर होतो' असं सांगून एका झाडाचं लाकूड जाळायला नेलं, दुसऱ्या झाडाच्या जाड खोडाच्या फळ्या काढून दिल्या नाहीत, बागेत ठेवलेल्या चिप्सच्या (फांद्या दळून केलेल्या लाकडाच्या तुकड्यांच्या) ढिगातून वाफ आणि आंबूस वास येतो, त्या चिप्स घातलेल्या वाफ्यातली रोपं पिवळी पडली, तिसऱ्या झाडाची छाटणी 'नावापुरती' केली, आणि पर्यावरणाच्या गप्पा मारणारे फांद्या दळायला डिझेलचं यंत्र घेऊन आले. ढिगाचं काम आजच करण्यासारखं आहे, म्हणून आधी ते.

ताज्या फांद्यांच्या चिप्समध्ये वजनाच्या जवळपास निम्मं पाणी असतं आणि हिरवा पालाही त्यात आलेला असतो. असा माल मीटरभर उंच रचला की सूक्ष्मजीव कामाला लागतात आणि दोन-तीन दिवसांत ढिगाचा गाभा ५०-६० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. सकाळच्या गारव्यात दिसते ती ही वाफ. धुराला जळका वास असतो, हिला नसतो. आतून पेट घेण्याचा धोका खरा आहे, पण तो तीन-चार मीटर उंच आणि कित्येक महिने न हलवलेल्या ढिगांना. तुमचा ढीग कमरेएवढाही नाही.

आंबूस वास मात्र वेगळ्या कारणाने येतोय. तुम्ही टाकलेल्या फोटोत ढीग प्लॅस्टिकच्या कागदाने घट्ट झाकलेला दिसतो. हवा कोंडली की आत आंबवण सुरू होतं, ॲसिटिक आम्लासारखी आम्लं आणि अल्कोहोल साठतं. असा माल थेट रोपाच्या बुडाशी गेला तर पानांच्या कडा एक-दोन दिवसांत करपतात. कागद काढा, फावड्याने ढीग उलथा आणि १५-२० सेंटिमीटर जाडीत चार-पाच दिवस मोकळा पसरून ठेवा. शिरक्यासारखा वास गेला की माल वापरायला हरकत नाही. पावसाची भीती वाटत असेल तर वर कागद धरा, पण बाजू उघड्या ठेवा. यातल्याच काही चिप्सचं कंपोस्ट करायचं असेल तर मूठभर माल घट्ट दाबून पाहा: बोटांतून एखाद-दुसरा थेंब निघाला तर ओलावा बरोबर, धार लागली तर जास्त, हात कोरडाच राहिला तर पाणी मारा.

आता पिवळी रोपं. यातली पानं करपलेली नाहीत. खालची जुनी पानं आधी पिवळी पडलीत आणि शेंड्याकडची अजून हिरवी आहेत, म्हणजे नत्र (नायट्रोजन) कमी पडतंय. कारण फोटोत दिसतंच: चिप्स खुरप्याने मातीत कालवल्या आहेत. निव्वळ लाकडात नत्राच्या शेकडो पट कर्ब (कार्बन) असतो. पाला आणि बारीक डहाळ्या मिसळल्या की हे प्रमाण बरंच खाली येतं, तरी सूक्ष्मजीवांना सोयीच्या २५-३० ला १ या प्रमाणापर्यंत सहसा येत नाही. तूट भरून काढायला ते मातीतलं नत्र ओढून घेतात आणि रोपांच्या वाट्याला उरत नाही. त्याच चिप्स वर पसरल्या तर ही ओढाताण मातीला टेकलेल्या पातळ थरापुरतीच राहते, मुळांपर्यंत पोचत नाही. काम संपल्यावर दिलेल्या कागदावर 'मातीत मिसळू नये' हे पहिल्याच ओळीत आहे ते याचसाठी.

उपाय सोपा आहे. वरवर निघतील तेवढ्या चिप्स दाताळ्याने ओढून काढा. जे खोल गेलं ते तसंच राहू द्या, खणत बसाल तर मुळं तुटतील. चौरस मीटरला साधारण २० ग्रॅम युरिया पाण्यात विरघळवून द्या, किंवा चांगल्या कुजलेल्या शेणखताचा दोन-तीन सेंटिमीटरचा थर घाला. नवी पानं हिरवी आली की पुरे. जुनी पिवळी पानं परत हिरवी होतील अशी वाट पाहू नका.

उरलेल्या चिप्स मोठ्या झाडांच्या आळ्यात घाला. थर ७-८ सेंटिमीटर, त्याहून जाड नको. एक घनमीटर माल एवढ्या जाडीत सुमारे १३ चौरस मीटरला पुरतो. खोडाभोवती वीतभर जागा मोकळी सोडा. हौसेने बुंध्याला टेकून चिप्सचा डोंगर रचलेला आम्हाला जागोजागी दिसतो. त्याखाली साल सतत ओली राहून कुजते, आणि वर फुटलेली मुळं कालांतराने खोडालाच गळफास लावतात.

जाळायला नेलेलं लाकूड. कुंपणाकडच्या झाडाच्या खोडावर बॉलपेनच्या टोकाएवढी गोल छिद्रं होती, भोवती काळपट ओलसर डाग आणि काही छिद्रांतून भुशाच्या बारीक काड्या बाहेर आलेल्या. हे बोगदे पाडणारे भुंगेरे लाकूड खात नाहीत. ते बरोबर बुरशी आणतात, बोगद्याच्या भिंतीवर ती वाढवतात आणि तिच्यावर जगतात. झाड मरतं ते मुख्यतः त्या बुरशीने. झाड कापलं म्हणून भुंगेरे संपत नाहीत. ओंडक्यात ओल आहे तोवर पिढी वाढत राहते आणि कित्येक महिने बाहेर पडत राहते. त्यामुळे असा ओंडका बागेत बसायला ठेवणं किंवा ओळखीत सरपण म्हणून वाटणं म्हणजे कीड घरपोच करणं.

त्याच्या बारीक फांद्या आम्ही २.५ सेंटिमीटरपेक्षा लहान तुकड्यांत दळल्या. एवढ्या बारीक दळण्यात बहुतेक भुंगेरे मरतात, आणि उरलेल्यांसाठी तो माल आमच्या आवारात पारदर्शक कागदाखाली कडक उन्हात किमान सहा आठवडे तापत राहतो. तुमच्या ढिगात त्यातलं काहीही नाही. तो ढीग पूर्णपणे निरोगी झाडांचा आहे. खोड यंत्राच्या १५ सेंटिमीटरच्या तोंडात जात नव्हतं, म्हणून ते त्याच दिवशी झाकलेल्या गाडीतून बॉयलरला गेलं. कीड मारायला लाकडाचा गाभा तापवावाच लागतो: निर्यातीच्या लाकडी खोक्यांसाठी आयएसपीएम १५ हा आंतरराष्ट्रीय नियम गाभ्यात ५६ अंश तापमान सलग ३० मिनिटं मागतो. उघड्यावर पेटवून दिलं असतं तर तक्रार रास्त होती. अंदाजपत्रकात 'कीड व रोग असलेला माल वगळून पुनर्वापर' असे शब्द आहेत, आणि ते शब्द आम्ही काढणार नाही.

फळ्यांबद्दल. दुसरं खोड निरोगी होतं, जाडीही भरपूर. पण बुंध्याकडच्या कापावर निळसर-काळे पट्टे होते. लाकडातल्या टॅनिनचा लोखंडाशी संबंध आला की असा रंग धरतो. धातुशोधक फिरवला तेव्हा खालच्या दीड मीटरमध्ये ठिकठिकाणी आवाज आला: जुने खिळे, आणि सालीने गिळलेली तार. असा ओंडका सॉ मिलवाले घेत नाहीत. एक खिळा करवतीच्या पट्ट्याचे दात उडवतो, आणि तुटलेला दात कामगाराच्या अंगावर येऊ शकतो. त्याच्या वर जेमतेम मीटरभर सरळ भाग होता, पुढे दुभागा. तिरक्या फांद्यांच्या लाकडात ताण अडकलेला असतो, त्यामुळे त्यांच्या फळ्या वाळताना पिळतात.

पुढे कधी फळ्या हव्या असतील तर झाड पाडण्याआधीच सांगा, कारण ओंडक्याची लांबी कापण्याआधी ठरते. ओंडक्याच्या दोन्ही तोंडांना त्याच दिवशी मेण किंवा जाड रंग लावावा लागतो, नाहीतर चिरा आत धावतात. फळ्या काढल्यावर मध्ये दोन-अडीच सेंटिमीटर जाडीच्या पट्ट्या, एकावर एक सरळ रेषेत, वर वजन आणि सावली. उघड्या हवेत वाळवायचं तर दर अडीच सेंटिमीटर जाडीला साधारण वर्ष धरा.

बागेच्या कोपऱ्यात रचलेले ओंडके 'टाकून गेले' असं तुम्ही म्हणता. ते तुमच्याशी ठरवून ठेवलेत. त्यात एकेकट्या राहणाऱ्या मधमाश्या, सरडे, बुरश्या येतात. घराच्या भिंतीपासून मात्र दूरच असू द्या, वाळवीचं काही सांगता येत नाही. नको असतील तर फोडून सरपण करा, पण ओलावा २० टक्क्यांखाली आल्याशिवाय पेटवू नका, नुसता धूर होईल.

तिसऱ्या झाडाचा शेंडा अर्ध्यावर आणायला आम्ही नकार दिला, तोही कचरा कमी करण्याच्या याच विषयातला आहे. एका हंगामात जिवंत पालवीच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त काढू नये. शेंडा मारलेलं झाड घाबरून सरळसोट फुटवे काढतं. ते सालीलगतच्या थराला धरून असतात, वाऱ्यात पटकन निखळतात, आणि दोन वर्षांत आजच्याहून मोठा कचरा तयार होतो. कमी कापलं, हीच आमच्या मते सगळ्यात मोठी बचत. ती 'नावापुरती' दिसते हे मान्य.

डिझेलचं यंत्र आम्ही वापरतो. कारण मोकळ्या फांद्या न दळता तशाच भरल्या तर गाडी बहुतांशी हवाच वाहते आणि फेऱ्या वाढतात. पाती बोथट झाली तर चिप्सऐवजी दोरे निघतात आणि इंधन जास्त जातं, म्हणून ती वेळच्या वेळी उतरवून धार लावतो. करवतीच्या साखळीचं तेल परत येत नाही, सगळं उडून मातीत जातं; म्हणून ते वनस्पतिजन्य वापरतो. ते महिनाभर टाकीत राहिलं तर चिकटतं, त्यामुळे करवत ठेवून देण्याआधी टाकी रिकामी करावी लागते. तेवढा व्याप परवडतो.

चिप्स उरल्या तर आठवडाभरात कळवा. गाडी तुमच्या बाजूला येईल तेव्हा विनामूल्य उचलून नेऊ. फक्त त्यात वाफ्यातली माती आणि दगड मिसळू देऊ नका. दगड आला की तो माल दुसऱ्याच्या आळ्यात घालता येत नाही.