२८ मिलिमीटरचा अपमान

मामा दाढ काढायला आले होते. नवऱ्याचे मामा, पेणचे. पेणला दातांचे डॉक्टर नाहीत असं नाही, पण तिथला डॉक्टर मामांच्या वर्गातला आणि त्याचे गणिताचे मार्क मामांना अजून पाठ. म्हणून डोंबिवली. दाढ निघाली, तोंडात कापसाचा बोळा बसला, "तासभर बोलू नका, गार आणि मऊ खा" असं बजावून डॉक्टरांनी त्यांना आमच्याकडे सोडलं, आणि गार-मऊ शोधत मामा थेट डायनिंग टेबलापाशी आले. तिथे श्रीखंडाचा डबा होता.

डबा उघडून मामा बराच वेळ आत बघत राहिले. आत ओला स्पंज, त्यावर बटर पेपर, आणि पेपरवर हिरव्या, जांभळ्या, पिवळट रंगाचे थेंब. ॲक्रिलिक रंग नुसता ताटलीत काढला की पंख्याखाली बघता बघता वाळून जातो. खाली ओला स्पंज असला की पाणी कागदातून झिरपत राहतं आणि तोच रंग बराच वेळ पातळ राहतो. जगभर मिनिएचर, म्हणजे खेळातली चिमुकली प्यादी, रंगवणारे हेच करतात. पण नुकतीच दाढ काढलेल्या माणसाला हे सांगून काय उपयोग? त्याला केशर-वेलची हवी असते.

डब्याशेजारी माझं सैन्य वाळत होतं. बोर्ड गेममधलं सैन्य; १९८९ साली निघालेल्या हीरोक्वेस्टच्या जातकुळीतला खेळ आहे. तळघर, त्यात शिरलेले चार वीर, आणि त्यांना अडवायला सांगाडे, राक्षस वगैरे मंडळी. माणसाच्या उंचीचं प्यादं साधारण २८ मिलिमीटरचं. पेटीत सगळी राखाडी प्लास्टिकची येतात. हौस असेल त्याने रंगवावीत. मला हौस होती. इथपर्यंत कुणाचं काही बिघडायचं कारण नव्हतं.

बोलायची बंदी होती म्हणून मामांनी पेपर ओढला, खिशातलं पेन काढलं आणि सुडोकूच्या शेजारच्या समासात लिहिलं: "नग कितीला?"

"विकायचे नाहीत, मामा."

"ऑर्डर आहे?"

"नाही."

"मग देणार कुणाला?"

"कुणालाच नाही. आम्ही खेळतो त्यांच्याशी. दर शनिवारी, चौघंजण."

मामांनी एक सांगाडा उचलला. डोक्यापासून पायापर्यंत पाहिला, पाय धरून उलटा केला, बुडाखाली किमतीचं लेबल आहे का ते बघितलं. मग पुन्हा पेन. "एकाला वेळ किती?"

मी म्हटलं, दोन-तीन संध्याकाळी. मामांनी समासात हिशेब मांडला. तीन संध्याकाळी, संध्याकाळचे दोन तास, टेबलावरचे नग. माझ्या आयुष्यातले इतके तास एका रेघेखाली बेरीज करून कुणी माझ्यासमोर कधी ठेवले नव्हते. बेरजेभोवती त्यांनी चौकोन काढला आणि खाली लिहिलं, "रंग दिल्याशिवाय खेळता येत नाही?"

"छे, कसं येणार!" म्हणायला मी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात सोफ्यावरून नवरा म्हणाला, "येतं की. इतकी वर्षं तसेच तर खेळतोय."

मामांनी एकच शब्द लिहिला. "मग?" प्रश्नचिन्ह चांगलं बोटभर उंच, आणि खाली दोन रेघा.

ह्या "मग?"चं मी काय करायचं? मामा स्वतः रोज सुडोकू सोडवतात आणि सोडवून झाला की तो पेपर रद्दीत जातो. त्यांना कुणी "मग?" विचारत नाही. आमच्या समोरच्या विंगमधले एक गृहस्थ पहाटे उठून मॅरेथॉनसाठी धावतात, धावून जिथून निघाले तिथेच परत येतात, आणि सोसायटी त्यांचा सत्कार करते. नवरा संपलेली क्रिकेट मॅच रात्री पुन्हा बघतो; निकाल माहीत असलेली. ते सगळं चालतं. बाईने टेबलाशी बसून काही रंगवलं की मात्र त्याचा उपयोग काय हे आधी सांगावं लागतं. सासूबाईंनी तर उपयोग शोधूनच ठेवला होता. "रुखवतात ठेवायला छान होतील," त्या म्हणाल्या. "कार्तिकात लग्न आहे आपल्या नात्यात." मी डोळ्यांसमोर आणून बघितलं: साखरेचे रुखवत, लोकरीची तुळस, सुपारीची वरात, आणि मध्ये हातात कुऱ्हाडी घेतलेले सांगाडे. मुलाकडच्यांनी दारातूनच परत जावं. "नाहीतर पणत्या रंगव," त्या पुढे म्हणाल्या, "दिवाळीत खपतात तरी."

खपतात तरी! मला काही खपवायचं नाहीये. दिवसभर ऑफिसात मी खपतेच आहे.

बरं, हे काम म्हणजे नुसतं बसून ब्रश फिरवणं असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा ही पेटी उघडून बघावी. प्लास्टिक साच्यातून सुटावं म्हणून लावलेल्या तेलाचा अंश प्याद्यांवर राहिलेला असतो, त्यावर रंग धरत नाही. म्हणून आधी भांड्यांच्या साबणाने, जुन्या टूथब्रशने एकेक सांगाडा घासायचा. मी घासले, धुतले आणि निथळायला चाळणीत ठेवले. ती चाळणी पिठाची निघाली; त्यावरून जे झालं ते घरातलं आहे, इथे नको. मग तलवारी. मऊ प्लास्टिकच्या तलवारी पेटीत दाबून वाकलेल्या असतात. त्या कढत पाण्यात बुडवायच्या, नरम पडल्या की बोटाने सरळ करायच्या आणि लगेच गार पाण्यात धरायच्या, म्हणजे सरळच राहतात. पाणी मी चहाच्या पातेल्यात तापवलं. पातेलं नंतर घासून, उकळून ठेवलं, तरी त्या दिवसापासून घरातल्या प्रत्येक माणसाला चहात प्लास्टिकचा वास येतो. दूध नासलं तरी सांगाड्यांमुळे.

त्यानंतर प्रायमर, म्हणजे वरचा रंग धरावा म्हणून आधी द्यायचा हात. प्रायमरचा स्प्रे आहे, त्याच्या डब्यावर लिहिलंय: कोरड्या हवेत वापरा. डोंबिवलीत. आषाढात. दमट हवेत फवारा मारला तर रंगाला गुळगुळीतपणा येत नाही, रवाळ पोत येतो. पावसाने चार तास उघडीप दिली तेव्हा मी ऑफिसात होते. मग रात्री बाल्कनीच्या ग्रिलमध्ये, एका हाताने पुठ्ठ्यावरचे सांगाडे आणि दुसऱ्या हाताने छत्री धरून फवारलं. एका बाजूच्या सैन्याच्या अंगावर बारीक पुरळ उठलंय ते त्यामुळे. सांगाड्याला पुरळ शोभतं असं माझं मत आहे.

तर मामा. तास पुरा व्हायला अजून अवकाश होता, पण त्यांच्या मनात आता इतकं साठलं होतं की त्यांनी कापूस काढून पेपरच्या कोपऱ्यात गुंडाळला. पहिलं वाक्य जरा सुजलेलं आलं. "केस कुणाचे?"

"काय?"

"ब्रशाचे. मुंगसाचे नाहीत ना? धाड पडते."

हे मात्र मामांचं खरं आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मुंगसाला संरक्षण आहे आणि त्याच्या केसांचे ब्रश विकणं, बाळगणं गुन्हा आहे. छापेही पडलेले आहेत. माझे सिंथेटिक, स्टेशनजवळच्या स्टेशनरीतून आणलेले. ह्या छंदातले शौकीन कोलिन्स्कीचे ब्रश वापरतात. सायबेरियातल्या वीझल नावाच्या लांबुडक्या प्राण्याच्या शेपटीचे केस, आणि किंमत अशी की तो प्राणी स्वतः घरी येऊन रंगवून देईल असं वाटावं. १८६६ साली राणी व्हिक्टोरियाने विन्सर अँड न्यूटन ह्या रंग-ब्रशांच्या कंपनीला आपल्यासाठी जलरंगाचे उत्तमात उत्तम ब्रश करायला सांगितले, तिच्या आवडीच्या सात नंबरात. ती मालिका अजून निघते. दीडशे वर्षांनंतर लोक त्याच मालिकेतल्या ब्रशाने राक्षसांची नखं रंगवतात. आणि बारीक कामाला तीन झिरोचा ब्रश लागतो असं नवख्याला वाटतं, दुकानदारही तोच काढून देतो, पण त्या चार केसांत रंग उरतोच किती? प्याद्यापर्यंत पोचेतो वाळतो. त्यापेक्षा एक नंबरचा, पोट भरलेला आणि टोक शाबूत असलेला ब्रश बरा. हे मी मामांना सांगत होते. मामा ऐकत नव्हते. त्यांनी माझा बार्बेरियन उचलला होता.

बार्बेरियन हा आमच्या खेळातला मुख्य वीर. कमरेला कातडं, हातात भली मोठी तलवार, बाकी अंगावर काही नाही. मामेसासऱ्यांच्या तळहातावर तो तसा उभा असताना मला उगीचच पदर शोधावासा वाटला. मी जीन्समध्ये होते.

"हा कोण?"

"नायक आहे."

"कावीळ झालीये?"

कावीळ नाही, वॉश आहे. मूळ रंगावर पातळ तपकिरी रंग सोडायचा, तो खाचाखोचांत जाऊन बसतो आणि सावली पडल्यासारखी दिसते. मग जवळजवळ कोरड्या ब्रशाने वरवरचे उंचवटे फिक्या रंगाने घासायचे. पातळ रंगाचे दोन हात द्यावेत, एक जाड थर कधीच नाही, हा ह्या धंद्यातला गायत्रीमंत्र. हे सगळं मी केलं होतं. मामांनी चष्मा कपाळावर चढवला, बार्बेरियन नाकाशी नेला आणि म्हणाले, "आमच्याकडे उंदीर याहून बरा रंगवतात."

आमच्याकडे म्हणजे पेणच्या गणपतीच्या कारखान्यात. मामा नोकरीत होते ते निराळ्याच खात्यात, पण लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत शेजारच्या कारखान्यात जात, आणि तेवढ्या भांडवलावर ते आजही रंगकामातले अधिकारी आहेत. नव्या पोराच्या हातात आधी उंदीर देतात, मामा सांगू लागले. उंदीर साधला की पाट. पाट साधला की मोदक. मग पितांबर, मग दागिने. डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी, ती मालक स्वतः करणार. त्या वेळी कारखान्यात कुणी शिंकायचं सुद्धा नाही. मामा मोदकापर्यंत पोचले होते. मग दहावी आली.

"आणि हे डोळे?" मामा म्हणाले. "एक दाराकडे, एक खिडकीकडे."

"तळघरात शिरलाय तो, मामा. दोन्हीकडे लक्ष नको?"

नवरा हसला. माझ्या बाजूने हसला असता तर चाललं असतं.

मी खरं तर शांतपणे सांगणार होते की ह्या मापाच्या प्याद्याला हातभर अंतरावरून डोळे दिसतच नाहीत, खोबणीत नुसती गडद सावली ठेवून सोडून देणारेही पुष्कळ आहेत. किंवा हे, की दिवाळीत किल्ल्यावर आपण जे मातीचे मावळे मांडतो त्यांतल्या निम्म्यांची मिशी गालावरून कानापर्यंत गेलेली असते, एखाद्याचा फेटा भुवयांवर ओघळलेला असतो, पण गड राखलाच की त्यांनी, कुणी त्यांना परत कारखान्यात पाठवलं नाही. त्याऐवजी का कोण जाणे, मी एच. जी. वेल्सचं नाव काढलं. म्हटलं, एवढा मोठा इंग्रज लेखक, १९१३ साली त्याने खेळण्यातल्या सैनिकांच्या लढायांच्या नियमांचं आख्खं पुस्तक लिहिलं. मोठी माणसं खेळतात, मामा. पूर्वीपासून खेळतात.

मामांनी विचार केला. "पुस्तकाचे पैसे मिळाले असतील त्याला," ते म्हणाले.

त्यानंतर त्यांना आइस्क्रीम देण्यात आलं. संध्याकाळच्या गाडीला बसण्यापूर्वी त्यांनी बार्बेरियनचा फोटो काढला, फॅमिली ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "सूनबाईंची कला." आत्यांनी विचारलं, शाडूचे आहेत का? दुसऱ्या एका वहिनींनी विचारलं, पाण्यात विरघळतात का? कुणीतरी हात जोडलेले पाठवले, पाठोपाठ आणखी सातजणांनी. आमचा बार्बेरियन, कमरेला कातडं नेसलेला, त्या नमस्कारांच्या खाली तिरळा बघतोय.

आणि मग खोकं आलं. पेणहून येणाऱ्या कुणाच्या तरी गाडीतून, सुतळीने बांधलेलं, आत पेंढा, आणि पेंढ्यात शाडूचे उंदीर. कोरे. प्रत्येकाचे कान नीट, शेपटी अंगाभोवती वळवलेली, पुढच्या दोन पायांत लाडू. वर चिठ्ठी: "सरावाला." मला इतका राग आला की खोकं तसंच कपाटावर ठेवून दिलं. एक फक्त काढला, तोही ह्यासाठी की शाडूवर प्रायमर कसा बसतो ते बघावं. मातीने रंग असा पिऊन घेतला की बघत राहावं. प्लास्टिकवर जे घसरतं, ओघळतं, खाचेत साचतं, ते इथे काहीच नाही. मग पहिल्यावर वॉश करून बघितला. कानांच्या आतून गुलाबी, नाकावर फिक्याचा एक हात. मग दुसरा. मग म्हटलं, रंग भिजवलाच आहे तर.

काल मामांचा फोन. "झाले का गं उंदीर?"

"कशाला? सरावाला होते ना?"

"अगं हो, सरावालाच. पण ते कारखान्यातले आहेत. यंदा माणसंच मिळत नाहीत बघ रंगाला. गणपती आले तोंडावर. शनिवारपर्यंत पाठवशील ना?"

मीही मग कागद-पेन ओढलं. म्हटलं, "मामा, नगाला मजुरी काय?"

"मजुरी?" मामा खरोखर दुखावले. "अगं, छंद ना तुझा?" आणि फोन ठेवता ठेवता म्हणाले, "डोळे तेवढे करू नकोस हं. ते आम्ही इथे करू."