दाराबाहेरची आई

करोनाकाळात अकाली प्रसूत झालेल्या मातांच्या मनःस्थितीवरील एक लेख वाचताना ‘अपराधीपणा’ या शब्दापाशी मी बराच वेळ थांबले. २०२० च्या टाळेबंदीत सोलापुरात माझी मुलगी ३२ व्या आठवड्यात जन्मली. संसर्गाच्या भीतीने नवजात अतिदक्षता विभागात मातांनाही प्रवेश नव्हता. दर तीन तासांनी वाटीत काढलेले दूध दारातच परिचारिकेच्या हाती द्यायचे आणि मास्कवरच्या तिच्या डोळ्यांतून बाळाची खुशाली वाचायची, एवढेच माझे आईपण उरले होते. माझी आई अक्कलकोटला अडकलेली. फोनवर ती काही विचारायची नाही, नुसती रडायची.

बाळाला उघड्या छातीशी धरण्याची ‘कांगारू’ पद्धत १९७८ मध्ये कोलंबियातील बोगोटात सुरू झाली आणि आई करोनाबाधित असली तरी मास्क लावून, हात धुऊन ती चालू ठेवावी, असाच जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला होता, हे मला फार उशिरा कळले. तेव्हा अपराधीपणाची जागा रागाने घेतली, आणि खरे सांगायचे तर त्या रागानेच मला सावरले. एकोणिसाव्या दिवशी तिला प्रथम छातीशी घेतले, तेव्हा तिच्या नखांएवढ्याच इवल्या श्वासांची ऊब मला गळ्यापाशी जाणवली.